लढाईतल्या बाईला हळदीकुंकू

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. सत्तरी उलटलेल्या माणसाला म्हातारं म्हटलेलं खपत नाही, पण मी दोनशे ओलांडलीत, मला कसली आलीय लाज? माझ्यावर एक लढाई छापलेली आहे. घोडे आहेत, तोफा आहेत, उगारलेल्या तलवारी आहेत आणि धूर तर विचारू नका. तरीही आज मी तुम्हाला लढाईची गोष्ट सांगणार नाही. माझ्या उजव्या कोपऱ्यात पेरभर उंचीची एक बाई आहे, तिची गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म आम्स्टरडॅमचा आणि जन्मभाषा डच. मग मराठी कुठून आली, असं विचाराल. ती मी वसुधाकडून शिकलो, ती कोण ते पुढे कळेलच. काम करताना ती सारखी मराठीत पुटपुटायची, कधी स्वतःशी, कधी माझ्याशी. ज्या भाषेत आपल्याशी कुणी मायेने बोलतं, ती भाषा शिकायला वेळ लागत नाही.

पण आधी जन्माची हकिगत ऐका. त्या काळी कागद झाडांपासून नव्हे, चिंध्यांपासून व्हायचा. कुणाचे फाटके सदरे, कुणाच्या विरलेल्या चादरी, असं सगळं कुजवून, कुटून, पाण्यात कालवून माझा लगदा झाला. म्हणजे लढाई अंगावर येण्याआधी मी कुणाच्या तरी अंगावरचे कपडे होतो. म्हणूनच मी टिकलो, असं मला वाटतं.

नेपोलियनविरुद्धच्या लढाया नुकत्याच संपल्या होत्या. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी कात्र ब्रा नावाच्या ठिकाणी एक मोठी चकमक झाली होती. तिथे चार रस्ते एकत्र येतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर एका चौकासाठी दिवसभर भांडण झालं आणि डच सैन्याने तो चौक धरून ठेवला. मग काय, घरोघरी लोकांना त्या लढाईचं चित्र हवं झालं. कोर्नेलिस नावाच्या चित्रकाराला ते तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं काम मिळालं. आता गंमत बघा. कोर्नेलिसने जन्मात लढाई पाहिली नव्हती! बिअरची पिंपं ओढणारा घोडा समोर बांधून त्याने सगळं घोडदळ काढलं. सेनापतींना त्याने आपल्या मेहुण्याचा चेहरा दिला. जिथे हात जमेना, पाय जमेना, तिथे त्याने सरळ धूर काढला. माझ्यावर पाच घोडे आहेत आणि त्यांचे पाय एकोणीस आहेत. विसावा पाय धुरात आहे असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

त्या सगळ्या खोट्या लढाईत एकच माणूस त्याने समोर बघून काढलं. त्याची बायको आन्त्ये रोज दुपारी त्याला प्यायला काहीतरी घेऊन यायची. एके दिवशी ती हातातला बुधला त्याच्यापुढे ठेवायला वाकली, आणि कोर्नेलिसने तिला तशीच्या तशी पत्र्यावर कोरली. तेव्हाच्या सैन्याबरोबर अशा बाया खरोखरच असायच्या. तोफा धडाडत असताना त्या जखमींना पाणी पाजायच्या. माझ्या कोपऱ्यातही आन्त्ये वाकून एका पडलेल्या शिपायाला पाणी देते आहे. तिचं मनगट, तिच्या डोक्यावरच्या रुमालाची गाठ, सगळं खरं आहे.

छापून झाल्यावर आम्हाला रंगवायला पाठवलं गेलं. एका लांब टेबलाभोवती सहा बायका बसायच्या आणि प्रत्येकीकडे एकेक रंग असायचा. निळीवाली सगळे निळे कोट रंगवून मला पुढे सरकवायची, मग लालवाली, मग हिरवीवाली. मालकाने भिंतीवर यादी लावली होती : अमक्या पलटणीला अमका रंग, राजपुत्राच्या कमरपट्ट्याला नारिंगी. डच शिपाई निळे आणि फ्रेंचही निळेच, त्यामुळे कोण कोणाला मारतंय हे आजही नीट कळत नाही, ते सोडा. पण यादीत आन्त्ये नव्हती. ती कुठल्याच पलटणीची नव्हती ना. यादीत नाव नाही म्हणून रंग नाही. ती तशीच पांढरी राहिली आणि मी दुकानाच्या खिडकीत जाऊन बसलो.

बेकर नावाच्या एका कुटुंबाने मला विकत घेतलं आणि पुढची दोनशे वर्षं मी त्यांच्याच घरात काढली. पहिली काही वर्षं काय थाट होता माझा! दर्शनी खोलीत, शेगडीच्या वर. पाहुणे आले की आधी माझ्यासमोर उभे राहायचे. "हा पाहा राजपुत्र," घरमालक छडीने दाखवायचा आणि सगळे माना डोलवायचे. बेकरांची मुलं रविवारी घोड्यांचे पाय मोजायची आणि एकोणीस की वीस यावरून रडारड व्हायची. मग नवी चित्रं आली आणि मी जिन्यात गेलो. पुढे खऱ्याच लढाया दारात आल्या, तेव्हा चित्रातली लढाई बघायची हौस कुणाला राहिली नाही. शेगडीच्या धुराने माझी काच पिवळी आणि मग तपकिरी झाली. शेवटी माळ्यावर, नाताळच्या सामानाच्या खोक्याशेजारी माझी रवानगी झाली. एवढ्या वर्षांत आन्त्येकडे मात्र एकानेही पाहिलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं. माझ्याजवळचं खरं तेवढंच होतं आणि नेमकं तेच कुणाला दिसत नव्हतं.

अखेर बेकरबाईंनी, म्हणजे आताच्या, ब्याऐंशी वर्षांच्या, घर बदलायचं ठरवलं. मोठं घर सोडून त्या एका छोट्या घरात जाणार होत्या. माळा उपसताना मी सापडलो. "याला नवी चौकट करा, नव्या घरात लावीन," असं म्हणत त्यांनी मला काखोटीला मारलं आणि लायडनमधल्या हेन्कच्या कार्यशाळेत आणून सोडलं. शनिवारी अकरा वाजता न्यायला येईन, असं त्या बजावून गेल्या.

हेन्क हा चौकटी करणारा माणूस. मोजून लाकूड कापावं तसं मोजून बोलायचा. त्याच्या कार्यशाळेत दोन नियम होते आणि ते दारावर लिहिले होते. पहिला, इथे ज्योत पेटवायची नाही, कारण सगळीकडे लाकडाचा भुसा. दुसरा, कागदाच्या टेबलावर ओलं काहीही आणायचं नाही. त्याच्या हाताखाली काम करायची ती वसुधा.

वसुधाची ओळख करून देतो. पुण्यात ती बारा वर्षं शाळेत चित्रकला शिकवायची. नवरा रवींद्र आयटीतला. त्याला इथे नोकरी मिळाली, आणि त्याच्या मागोमाग ती आणि मुलगी संहिता आल्या. रवींद्र रोज लायडनहून गाडी पकडून आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या ऑफिसात जायचा. वसुधाच्या कागदपत्रांवर मात्र एकच शब्द होता : डिपेंडंट. "बारा वर्षं पोरांच्या चित्रांना मार्क दिले आणि आता मीच कुणाच्या तरी फॉर्मवरचा एक रकाना झाले," असं ती मला एकदा म्हणाली होती. ती डच शिकली, इकडेतिकडे बिनपगारी कामं केली, आणि मग हेन्कने तिला एका वर्षाच्या करारावर घेतलं. हे काम तिला जीव की प्राण होतं. तो करार ऑक्टोबरच्या शेवटी संपणार होता, आणि पुढे ठेवणार की नाही याबद्दल हेन्क अवाक्षर काढत नव्हता.

त्यातच हेन्कला बहिणीकडे ग्रोनिंगनला जावं लागलं. बुधवार ते शुक्रवार. जाताना त्याने पहिल्यांदाच किल्ली वसुधाच्या हातात ठेवली. "बेकरबाईंचं काम तू कर," एवढंच म्हणाला. वसुधाने किल्ली अशी घट्ट धरली की मला हसू आलं.

मंगळवारी, हेन्क असतानाच, तिने माझी जुनी काच काढली. किती वर्षांनी मला वारा लागला म्हणून सांगू! मऊ ब्रशने ती माझी धूळ झटकत होती. राजपुत्र झाला, तोफा झाल्या, आणि कोपऱ्यात येऊन ब्रश थांबला.

"अगं बाई," वसुधा हळूच म्हणाली, "तू कोण?"

तिने भिंग आणलं. बराच वेळ पाहिलं. "पाणी पाजतेयस होय! आणि सगळ्यांना रंग, तुलाच तेवढा नाही? राबायला पुढे आणि रंगाला मागे." दोनशे वर्षांत आन्त्येशी बोललेलं हे पहिलं माणूस. मला इतका आनंद झाला की माझी एक कड जरा उचलली गेली. वसुधाला वाटलं दमट हवेने.

दुसरा दिवस बुधवार, नवरात्रातला नववा. खंडेनवमी. या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करतात हे मला काय ठाऊक! वसुधा सकाळी लवकर आली. तिने टेबल पुसलं आणि एकेक अवजार मांडलं : काच कापायचं हत्यार, करवत, हातोडी, पुठ्ठा कापायची सुरी, मोजपट्टी, झालंच तर ड्रिलसुद्धा. बाजारातून आणलेली शेवंतीची फुलं ठेवली. नियम पाळायचा म्हणून बॅटरीवर चालणारा दिवा लावला. नैवेद्याला स्ट्रूपवाफल ठेवलं, म्हणजे पाकाचं सारण भरलेली इथली चकती. मग अनामिकेचं टोक पाण्यात बुडवून हळदीत टेकवलं, आणि प्रत्येक अवजाराला हळद, वर चिमूटभर कुंकू. "वर्षभर हात शाबूत ठेवलेत, असंच ठेवा," ती करवतीला म्हणाली. करवतीचा थाट तर बघवत नव्हता.

मी शेजारीच पडलो होतो, उघडा. वसुधाची नजर माझ्यावर आली. "आणि या तलवारींना कोण विचारणार?" असं म्हणत ती वाकली, पण बोट तलवारींकडे गेलं नाही. ते आन्त्येकडे गेलं. समोर बाई दिसली, हातात हळदकुंकू होतं, आणि हाताने आपलं काम केलं. जन्मभर ती देवांच्या तसबिरींना असंच गंध लावत आली होती. पण तिथे काच असते, मित्रांनो. गंध काचेला लागतं. माझी काच तिने स्वतःच आदल्या दिवशी काढली होती.

बोट मोठं आणि बाई लहान. कपाळाला लावलेली हळद आन्त्येच्या रुमालावर, खांद्यावर आणि पार झग्यापर्यंत पसरली. वर कुंकवाचा ठिपका. एका क्षणात सगळं झालं.

"अरे देवा!" वसुधाने जीभ चावली. मग हातातलं सगळं खाली ठेवून ती टिपकागद शोधायला धावली.

मला दुखलं का? छे! गुदगुल्या झाल्या. पण तिचा चेहरा बघून मला हसवेना. तिने टिपकागद दाबला. कुंकू ब्रशने झटकलं, तरी एक बारीक ठिपका राहिलाच. हळद काही हलेना. साबण लावला तर हळद लाल होते, हे कुठलीही मराठी बाई झोपेतही सांगेल, त्यामुळे तो मार्ग बंद. मग तिला आठवलं : हळदीचे डाग उन्हात उडतात. तिने काळ्या पुठ्ठ्याला एक भोक पाडलं, म्हणजे माझ्या बाकीच्या रंगांना ऊन लागायला नको, आणि फक्त आन्त्ये दिसेल अशा बेताने मला खिडकीत ठेवलं.

आता फक्त ऊन पडायचं बाकी होतं. आणि ऑक्टोबरातल्या हॉलंडमध्ये ऊन म्हणजे, काय सांगू, जावई लाडाने बोलावूनही येत नाही तशी गत. आकाश राखाडी ते राखाडीच. वसुधा दर पाच मिनिटांनी दारात जाऊन वर बघत होती. खरं सांगतो, मी मनातल्या मनात ढगांना हात जोडत होतो. दोनशे वर्षांनी आन्त्येला कुणीतरी रंग दिला होता, तो जावा असं मला अजिबात वाटत नव्हतं. पण तो राहिला तर वसुधाचं काम जाणार. मी कुणाच्या बाजूने प्रार्थना करायची होती?

इथे बुधवारी शाळा अर्धाच दिवस असते. अकरा वर्षांची संहिता सायकलवरून थेट कार्यशाळेत आली. "आई, व्हाय इज द लेडी यलो?" तिने आल्या आल्या विचारलं. या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर कधी इंग्रजीत तर कधी डचमध्ये.

वसुधाने सगळं सांगितलं. "हेन्कने विश्वासाने किल्ली दिली गं. आणि मी पहिल्याच दिवशी हे करून बसले. आता कसला करार आणि कसलं काय."

संहिताने स्ट्रूपवाफलचा प्रसाद तोंडात टाकला आणि विचार केला. "जस्ट टेल देम. इथे सगळे सांगतात. माझ्या टीचरने रूल मोडला ना, तर ती पण सांगते."

"तुला सोपं आहे बोलायला."

"बट शी लुक्स नाइस, आई." मग संहिता नाक खिडकीला लावून माझ्याकडे बघत राहिली. "खरंच छान दिसते."

गुरुवारी दसरा. दिवसभर पाऊस. शुक्रवारी सकाळी दहा मिनिटं ऊन पडलं, वसुधा धावत खिडकीशी आली आणि तेवढ्यात ढग आला. हळद होती तिथेच होती.

शेवटी शुक्रवारी दुपारी तिने कपाटातून नवा पुठ्ठा काढला. चित्र आणि चौकट यांच्यामध्ये एक जाड पांढरा पुठ्ठा बसवतात, मधोमध खिडकी कापून. ती खिडकी जरा लहान कापली की चित्राच्या कडा झाकल्या जातात. वसुधाने मोजलं, सुरी चालवली आणि पुठ्ठा माझ्यावर ठेवला. काय सुरेख काम! राजपुत्र मधोमध, तोफा जागच्या जागी. आणि आन्त्ये पुठ्ठ्याखाली गडप. कुणाला काही कळलं नसतं.

माझ्या आत मात्र काळोख दाटला. यादीत नव्हती, आता चित्रातूनही गेली! मला ओरडावंसं वाटलं, पण कागदाला तोंड कुठे असतं?

वसुधाने फोन टेबलावर ठेवून रवींद्रला लावला. त्याचा आवाज सगळ्या कार्यशाळेत घुमला.

"झाकलं ना? मग झालं तर."

"झाकलं. दिसत नाही काही."

"मग सोड ना आता. आधी करार हातात पडू दे, मग काय ते बघू. बेकरबाई काय दोनशे वर्षं त्या कोपऱ्याकडे बघत बसल्या होत्या का?"

"नव्हत्या," वसुधा म्हणाली. "तेच तर ना, रवी."

"काय तेच?"

तिने फोन ठेवला, माझ्याजवळ आली आणि एका बोटाने पुठ्ठ्याची कड उचलली. आन्त्ये खालून तिच्याकडे बघत होती, पिवळा रुमाल, कपाळावर बारीक लाल ठिपका. वसुधाने पुठ्ठा अजून थोडा उचलला. मग म्हणाली, "बाईला हळदीकुंकू लावायचं आणि मग दार लावून आत कोंडायचं, असं कुठे असतं होय?"

आणि तिने तो देखणा पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. दुसरा घेतला, पुन्हा मोजलं, आणि या वेळी खिडकी आधीच्यापेक्षा मोठी कापली. मला गाता येत असतं तर मी त्या दुपारी गायलो असतो.

शनिवारी हेन्क आला. त्याने अंगातला कोटही काढला नव्हता तोच वसुधा समोर उभी राहिली आणि धडाधडा सगळं सांगून टाकलं, डचमध्ये, व्याकरणाचे तीनतेरा वाजवत. हेन्कने कोट काढला. खुंटीला लावला. भिंग घेऊन माझ्यावर वाकला. त्याच्या श्वासाला कॉफीचा वास होता.

"हम्," तो म्हणाला.

"मी झाकणार होते," वसुधा म्हणाली. "पुठ्ठासुद्धा कापला होता. तो बघा."

हेन्कने तो बाजूला पडलेला पुठ्ठा उचलून पाहिला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "काप चांगला आहे," तो म्हणाला. "बेकरबाईंना तू सांग. चूक तुझी, तोंडही तुझंच."

बरोबर अकरा वाजता बेकरबाई आल्या. तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं : उंच, ताठ, पावसाळी बूट आणि कानांत मोती. वसुधाने मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. आधी नियम सांगितला, मग तो आपण कसा मोडला ते सांगितलं, मग डाग दाखवला. शेवटी म्हणाली, "मला क्षमा करा. ही चूक माझी आहे, हेन्कची नाही."

बेकरबाईंनी हात पुढे केला. "भिंग."

त्या माझ्यावर वाकल्या. मी दोनशे वर्षांत एवढा घाबरलो नव्हतो, माळ्यावर उंदीर आला तेव्हासुद्धा नाही.

"ही बाई," बेकरबाई म्हणाल्या, "इथे आधीपासून होती?"

"होती. पण पांढरी होती, म्हणून..."

"माझे वडील आम्हाला या घोड्यांचे पाय मोजायला लावायचे. एकोणीस आहेत. लग्नानंतरही त्याच घरात राहून तीस वर्षं मी स्वतः याची धूळ पुसली." त्या पुन्हा वाकल्या. "आणि ही पाणी पाजतेय! मरणाऱ्या माणसाला पाणी पाजतेय आणि मी तिला पाहिलंच नाही?" त्यांच्या आवाजात राग होता, पण तो वसुधावर नव्हता. मग त्यांनी मान वर केली. "तुम्ही लोक हे का लावता?"

वसुधाने शब्द शोधले. "आमच्याकडे घरी बाई आली की तिला हे लावल्याशिवाय पाठवत नाहीत. म्हणजे... तू आलीस, बरं वाटलं, असं सांगायचं असतं. आणि मी विचार केलाच नाही. हातच गेला."

बेकरबाईंनी भिंग खाली ठेवलं. मग त्या डच माणसं बोलतात तशा सरळ बोलल्या. "डाग तो डाग. मी त्याला दुसरं काही म्हणणार नाही. पुढच्या वेळी हात धुऊन काम कर. पण हिला झाकायचं नाही. आणि मागच्या बाजूला सगळं नीट लिहून दे, नाहीतर माझी नातवंडं म्हणतील आजीने मोहरीची चटणी सांडली."

वसुधा हसली आणि त्याच वेळी रडलीही. अशी हसत रडणारी बाई बेकरांच्या घरात मी दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा लग्नात. ती लिहायला बसली. आधी डचमध्ये, मग खाली मराठीत : खंडेनवमीच्या दिवशी या चित्रातल्या बाईला हळदीकुंकू लावलं. खाली तारीख घातली आणि पेन उचललं.

"नाव," हेन्क म्हणाला. "काम करणाऱ्याने नाव लिहायचं असतं."

तिने लिहिलं : वसुधा. माझ्या पाठीवर आजही ते आहे.

आणि तेव्हाच, बघा नशिबाची थट्टा, लख्ख ऊन पडलं! तीन दिवस ज्याची वाट पाहिली ते ऊन खिडकीतून आत आलं, कालव्याच्या पाण्यावरून उसळून थेट माझ्या कोपऱ्यावर. वसुधा नुसती बघत राहिली. पण हेन्क उठला. सावकाश खिडकीपाशी गेला आणि त्याने पडदा खाली ओढला.

"उन्हात जाते म्हणालीस ना ती हळद?" तो म्हणाला. मग काही झालंच नाही अशा थाटात टेबल आवरायला लागला. करवतीवरचं कुंकू त्याने पाहिलं, पण पुसलं नाही. "पुढच्या वर्षी ही पूजा करशील तेव्हा आधी कागद कपाटात ठेवायचे. सगळे."

"हो," वसुधा म्हणाली. दोन पावलं चालली आणि थबकली. "पुढच्या वर्षी?"

"मग?" हेन्क म्हणाला. "वर्षातून एकदाच असते ना?"

दाराबाहेर सायकल टेकवून आत आलेल्या संहिताला काही कळेना की आई एकदम येऊन आपल्याला का कवटाळतेय. "वॉट इज एर?" ती विचारत राहिली, म्हणजे काय झालं.

आता मी बेकरबाईंच्या नव्या घरात, स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाशेजारी आहे. त्यांची नातवंडं येतात तेव्हा अजून घोड्यांचे पाय मोजतात, कारण ती मोजणारच. पण आधी विचारतात ती गोष्ट वेगळीच : ही पिवळी बाई कोण? मग बेकरबाई मला भिंतीवरून उतरवतात आणि पाठ वाचून दाखवतात. मराठी ओळ त्यांना वाचता येत नाही, पण त्यावर त्या हळूच बोट फिरवतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या कागदांचं मागणं तुम्ही ऐकलं असेल : दमट जागी ठेवू नका, ओल्या हातांनी हाताळू नका, घडी घालू नका. ते सगळं खरंच आहे, वसुधालाही विचारा. आणि भिंतीवरचं चित्र बघाल तेव्हा मधोमध घोड्यावर बसलेल्याकडे हवं तेवढं बघा, पण कोपराही बघून घ्या. माझं स्वतःचं मागणं मात्र एकच आहे. कुठेही टांगा, जिन्यात टांगा, माळ्यावर ठेवलंत तरी कुरकुर करणार नाही. पण मला उन्हात टांगू नका. माझा निळा उडाला तर उडू दे, राजपुत्राचा नारिंगी गेला तर जाऊ दे, ते रंग मी पुष्कळ मिरवले. आन्त्येला तिचा रंग आत्ता कुठे मिळालाय.